केनीचा शनिवार

त्या वर्षी इंग्लंडात जो तो एकच गिटार तोंडाने वाजवत होता. दूधवाला शीळ घालायचा, बसचा कंडक्टर तिकिटं फाडताना गुणगुणायचा. गाण्याच्या मधोमध येणारा तो तुकडा सगळ्यांना यायचा. येत नव्हता फक्त केनी हेस्केथला, म्हणजे ज्या बँडचं ते गाणं, त्या बँडच्या गिटारवाल्याला!

झालं होतं असं, की रेकॉर्ड करायच्या दिवशी कंपनीच्या साहेबाने केनीला, "तू जरा चहा पिऊन ये," म्हणून बाहेर काढलं होतं. तेवढ्यात विल्फ टॅपलो नावाचे एक चष्मेवाले गृहस्थ आले, एका दमात तो तुकडा वाजवून मोकळे झाले आणि गाडी पकडायला पळाले. तेव्हा कंपन्यांमध्ये हे सर्रास चालायचं आणि कुणी कुठे बोलायचं नाही. केनीही बोलला नाही. गावी, बोल्टनला त्याची आई गल्लीभर सांगत फिरत होती, "आमच्या केनीची बोटं बघा!" आता तिला काय सांगणार, कप्पाळ?

आणि मग रेडिओचं बोलावणं आलं. रेडिओवर रेकॉर्डी वाजवायला तेव्हा मोजकाच वेळ असे. बाकीचा वेळ भरायला बँडलाच स्टुडिओत बोलवत. लाल दिवा लागला की ध्वनिमुद्रण सुरू, मग ज्याचं त्याने वाजवायचं, उसनं माणूस चालायचं नाही.

केनीने बोटं सोलून निघेपर्यंत सराव केला. जमेना. शेवटी लाज गिळून तो क्रॉयडनला टॅपलोंच्या दारात उभा राहिला. टॅपलो मागच्या काचघरात टोमॅटोंना पाणी घालत होते.

"मिस्टर टॅपलो, मला तो तुकडा शिकवा. नाहीतर माझी पार छी थू होईल."

"हात दाखव बघू." टॅपलोंनी त्याचा पंजा आपल्या पंजावर ठेवला आणि हसायलाच लागले. "अरे, हा हात आहे की मांजराचा पाय? माझी करंगळी पोचते तिथे तुझी कशी पोचणार, पोरा?"

"मग मी काय करू?"

"तुझी पोचते तिथलं वाजव. आणि हे टोमॅटो ने. काहीतरी खा, काडी झालायस नुसता."

टोमॅटो घेऊन केनी परतला, पण धीर काही आला नाही.

रेडिओच्या स्टुडिओत कार्यक्रम बघणारे, टाय लावलेले अँस्टीसाहेब होते. "आवाज कमी ठेवा हं, शेजारच्या खोलीत चर्चची मंडळी गातायत," असं त्यांनी बजावलं आणि लाल दिवा लागला. गाणं त्या जागेवर आलं. केनीने टॅपलोंच्या पहिल्या चार सुरांवर उडी घेतली, पाचव्याला करंगळी घसरली आणि पुढचं सगळं डोक्यातून साफ पुसलं गेलं. थांबायची तर सोय नव्हती. मग त्याने रागाच्या भरात एकच सूर धरला, त्यालाच बडव बडव बडवला, ओढला, पिळला, आणि तिथून जिथे वाट फुटेल तिथे धावत सुटला. गाणारा गॅरेथ त्याच्याकडे बघतच राहिला आणि आपली ओळ उचलायला चुकता चुकता वाचला.

"रेकॉर्डसारखं नाही झालं," अँस्टीसाहेब म्हणाले.

"परत घेऊ या ना," केनी काकुळतीला आला.

"वेळ संपला. जाऊ दे, चालेल."

शनिवारी ते जसंच्या तसं देशभर ऐकू गेलं. संध्याकाळी आईचा फोन आला, कोपऱ्यावरच्या टपालपेटीशेजारच्या सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यातून.

"केनी, तुला बरं नाही का रे? दुकानवाल्या मिसेस एंटव्हिसल म्हणाल्या, आज तुझ्या जागी दुसराच कुणी बसवला होता. मलाही तसंच वाटलं बाई. तुझा हात मी ओळखत नाही होय?"

केनीला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. "जरा सर्दी झालीय, मम," एवढंच पुटपुटून त्याने फोन ठेवला. बोल्टनच्या बेकरीत काकाने देऊ केलेली नोकरी त्याला रात्रभर आठवत राहिली.

बुधवारी सकाळी टॅपलोंचा फोन आला. आवाज चिडका होता.

"काय करून ठेवलंस रे, कार्ट्या? काल तुझ्या कंपनीने मला नव्या गाण्याला बोलावलं. साहेब म्हणतो, शनिवारी रेडिओवर वाजलं तस्सं पाहिजे. दुपारभर घासलं मी. नाही येत! एवढ्याशा जागेत ही माझी बोटं मावतच नाहीत."

"मग?"

"मग काय, सांगितलं त्यांना, ज्याने वाजवलं त्यालाच बोलवा. तर साहेबाला वाटलं, रेडिओवरही कुणी उसनाच होता. विचारतो, तो कोण?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुमचाच आहे, ज्याला तुम्ही चहाला पाठवता तो. उद्या दहाला जा. आणि केनी, चांगलं होतं रे ते. मला जळायला झालं."

केनीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. मग त्याने बोल्टनला मिसेस एंटव्हिसलच्या दुकानात फोन लावला आणि आईला बोलवायला सांगितलं.

"काय झालं रे?" आई धापा टाकत आली होती. "सर्दी वाढली की काय?"

"मला सर्दी नव्हतीच, मम. शनिवारी रेडिओवर मीच होतो."