पेन्सिलीच्या शिशाएवढी धार

"शेखर, कुणाचा पाइप गोठला असेल, गेस कर," वॉल्ट ट्रकमधल्या रेडिओवर म्हणाला. तो हसू दाबत होता हे खरखरीतूनही कळत होतं.

"सातशे माणसांचं गाव. मी काय गेस करू? सांग की लेका."

"तुझाच."

यातलं 'लेका' तेवढं मराठी, बाकी सगळं इंग्रजी. अकरा वर्षांत वॉल्टला माझ्या भाषेतला तेवढा एक शब्द कळायला लागला होता.

मी कपाळावर हात मारला. कारण कॉपर लेज गावाच्या नगरपालिकेचं पाणीखातं म्हणजे मीच. मी साहेब आणि वॉल्ट माझा एकुलता एक स्टाफ. कोलोरॅडोत साडेनऊ हजार फुटांवर, तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर मागे उरलेलं हे गाव. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला खिंड, आणि जास्त बर्फ पडला की खिंडीतल्या रस्त्याचं फाटक बंद. डेन्व्हर सहा तासांवर. जमीन म्हणाल तर दोन फुटांखाली नुसता कातळ, त्यामुळे पाण्याचे पाइप खोल पुरताच येत नाहीत. मग ते गोठू नयेत म्हणून एकच उपाय: पाणी हलतं ठेवायचं. दर डिसेंबरात मी तीनशे बारा घरांना स्वतःच्या सहीनं नोटीस पाठवायचो, 'स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस चालू ठेवावा. धार पेन्सिलीच्या शिशाएवढी. पुढची सूचना मिळेपर्यंत बंद करू नये.' आणि गाव निमूटपणे ऐकायचं. न ऐकणारं घर निघालं ते साहेबांचंच.

नळ कुणी बंद केला असेल, हे मला विचारायची गरज नव्हती. आई आली होती.

माझे वडील, अण्णा, गेले तो पंच्याऐंशीचा उन्हाळा. माझी बहीण कांचन सोलापूरला, तिच्या घरी सासू-सासरे अंथरुणाला खिळलेले. आई सांगोल्यात एकटी. मी तिला ऑक्टोबरात घेऊन आलो, सहा महिन्यांच्या व्हिसावर. तिला सांगितलं, "बघ तर खरं, कसं वाटतं." मनात मात्र वेगळंच होतं. ग्रीन कार्डाचे कागद मी ती यायच्या आधीच आणून, भरून टेबलाच्या खणात ठेवले होते. तिची सही तेवढी बाकी होती. मला आई इथं राहायला हवी होती. तिच्यासाठी नव्हे, उगाच खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी. लग्नाचं राहून गेलं होतं, वय सत्तेचाळीस, आणि अख्ख्या गावात मराठी बोलणारा मी एकटा. घरी आल्यावर "जेवलास का रे?" एवढं विचारणारं कुणीतरी हवं होतं.

आई आली आणि घराला घरपण आलं. आमचं घर डोंगराला खेटून, त्यामुळे दुपारी अडीचलाच सूर्य डोंगराआड जातो. पहिल्या दिवशी ती खिडकीत उभी राहून म्हणाली, "अगंबाई, संपला की दिवस!" आणि तीन वाजता देवापाशी दिवा लावून मोकळी झाली. पुढे रोजच तीनला दिवा.

पण तो नळ! सांगोल्यात आमच्याकडे चौथ्या दिवशी पहाटे तासभर पाणी यायचं. आईनं जन्मभर त्या तासासाठी झोप मोडली. हंडा, कळशी, पिंप, पातेली, शेवटी पेलेसुद्धा भरून ठेवायची. अशा बाईला मी सांगत होतो की नळ वाहू दे. ती मान डोलवायची, पण भाजी चिरताना तिचं लक्ष सगळं त्या धारेकडे. तोंड असं करायची, जणू कुणी तिच्यासमोर दूध मोरीत ओततंय.

शहाऐंशीच्या जानेवारीतल्या त्या दिवशी बाहेर उणे अठ्ठावीस होतं, फॅरनहाइट. मी सकाळी टाकीवर गेलो आणि आईचा हात शेवटी नळाकडे गेलाच. दुपारी उघडून बघते तर थेंब नाही. मग ही माउली नऊवारीवर माझा जुना कोट चढवून, पायात माझे गमबूट घालून, सांगोल्याहून आणलेली कळशी रिकामीच घेऊन शेजारच्या लोइसकडे गेली. लोइस ही खाणीतल्या फोरमनची विधवा, सत्तरीची. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं. आईनं कळशी उलटी करून दाखवली, लोइसनं वॉल्टला फोन केला.

पाइपला वेल्डिंग मशीन जोडून, गरम करून तो मोकळा करायला आम्हाला तीन तास लागले. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण गाडी हळू करून विचारत होता, "शेखर, नोटीस मिळाली नाही का तुला?" मी आत गेलो तो पेटूनच.

"आई, एवढी साधी गोष्ट कळत नाही तुला?"

"डोळ्यांदेखत पाणी चाललंय रे. बघवत नाही."

"मग बघू नकोस! हे सांगोला नाही. इथं तुला काही म्हणजे काही करायचं नाहीये. नुसतं बसून राहा!"

तिनं कोट खुंटीला अडकवला, गमबूट पुसून दाराशी ठेवले. मला त्याच क्षणी वाईट वाटलं होतं, पण वॉल्ट दारात उभा होता, आणि माफी मागायची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती.

त्यानंतर आईनं नळाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी धारेखाली तांब्या दिसला. तो भरला की कळशीत, कळशी भरली की ती उचलून लोइसकडे. लोइसच्याही घरी नळ वाहतच होता! पण त्या शहाण्या बाईनं कळशी हसत घेतली, रिकामी केली, आणि आपल्या नळाचं पाणी भरून परत दिली. मग हे रोजचंच झालं. अंगणातल्या बर्फात दोघींची पायवाट पडली. मी हसायचो. मला वाटलं, रमली आई. आता काही ती जायची नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी कागद काढले. चहा झाला होता.

"आई, इथं सही कर. मग तुला कायमचं राहता येईल."

तिनं चष्मा लावून कागद नीट पाहिले. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं तिनं, इंग्रजी बोललेलं कळत नसलं तरी वाचता येत होतं.

"आणि इथं करू काय मी?"

"काही नको करूस. जन्मभर राबलीस, आता आराम कर."

"तेच म्हणालास तू त्या दिवशीही." तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं पेनाचं टोपण लावलं. "तिथं चौथ्या दिवशी नळ येतो, बाळा. कुणीतरी उठायला पाहिजे."

मी म्हणायला हवं होतं की आई, मला तू हवी आहेस, मी फार एकटा आहे गं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण मी काय म्हणालो? "तिकीट कन्फर्म करून टाकतो मग." अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

ती मात्र थोडा वेळ तशीच बसून राहिली. आज वाटतं, वाट बघत होती.

निघायच्या दिवशी ती पहाटेच उठली होती. स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज येत होते. मला वाटलं, वाटेसाठी दशम्या करत असेल. लोइस दारात आली, दोघी गळ्यात पडून आपापल्या भाषेत बोलल्या आणि रडल्या. मी बॅगा गाडीत टाकल्या. डेन्व्हरला विमानतळावर आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "जेवत जा वेळेवर," म्हणाली, आणि गेली.

मी मोटेलात रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. तीन वाजत आले होते, डोंगराची सावली अंगणात उतरली होती. आत गेलो आणि उभाच राहिलो.

ओट्यावर, टेबलावर, शेगडीवर, खाली जमिनीवर, सगळीकडे भरलेली भांडी. कळशी, पातेली, वाट्या, कॉफीचे मग, थर्मास, त्याचं झाकणसुद्धा. मोठ्या भांड्यांवर ताटल्या झाकलेल्या. चार दिवस पाणी आलं नाही तरी तिच्या मुलाचं अडू नये अशी सगळी तजवीज.

नळाची धार तशीच चालू होती, पेन्सिलीच्या शिशाएवढी. तिच्याखालचा तांब्या काठोकाठ भरून वाहत होता. मी कोट न काढताच तो उचलून बाजूला ठेवला आणि धारेखाली लावायला दुसरं रिकामं भांडं शोधायला लागलो. फळ्या पाहिल्या, कपाटं उघडली.

घरात एकही रिकामं भांडं नव्हतं.