काट्यावरून उतरवलेली हंडी

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची हंडी आहे. जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, मला राग नाही. पण कुणी मला शोभेची वस्तू म्हटलं तर ऐकून घेणार नाही. तीन पाय, एक कडी आणि माणसाने दोन हातांनी उचलावं असं झाकण घेऊन मी जन्माला आले. शोभायला नाही, शिजवायला.

मला ओतलं ब्रिस्बेनच्या एका भट्टीत. त्या दिवशी ओतलेल्या कितीतरी हंड्या थंड होताना तडकल्या. मी तडकले नाही. फुशारकी मारत नाही, झालं ते सांगते.

आर्च नावाच्या गुराख्याने मला घेतलं आणि नव्या बायकोपुढे आणून ठेवलं.

"एल्मा, हे तुझं लग्नाचं."

एल्माने मला उचललं, पुन्हा खाली ठेवलं, हात झटकले. "लोक बायकोला अंगठी देतात म्हणे."

"अंगठी हरवते," आर्च म्हणाला. "ही हरवून दाखव."

त्याच संध्याकाळी तिने मला मेंढीच्या चरबीने माखलं, निखाऱ्यांवर तापवलं, पुन्हा माखलं. बिडाचं भांडं असंच घडतं. चरबी अंगात मुरत जाते, वर्षानुवर्षांनी तिची काळी कातडी होते, मग अन्न चिकटत नाही आणि गंज चढत नाही. मला साबण लावायची छाती एल्माच्या हयातीत कुणाची झाली नाही.

आर्च दुसऱ्यांची गुरं हाकत न्यायचा. पश्चिमेच्या कुरणांतून रेल्वेपर्यंत बैलांचे मोठमोठे कळप महिनोन्महिने चालायचे आणि एल्माची गाडी पुढे जाऊन मुक्काम मांडायची. ती जमिनीत खड्डा करी, खाली निखारे, मध्ये मी, झाकणावर पुन्हा निखारे. सकाळी जाड पाव, रात्री खारवलेलं मांस. छप्पर नव्हतं, भिंत नव्हती. होतं ते सगळं एका गाडीत मावायचं. चाकांवरचं जगणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

गुराखी ताटं घेऊन बसले की चेष्टा चाले. एकजण एकदा म्हणाला, "एल्मा, या पावासाठी मी बायकोला सोडून येईन."

"बायको तुला कधीच सोडून गेलीय. ताट पुढे कर."

सगळे हसले, तोही हसला आणि दोनदा वाढून घेतलं. माझं कौतुक हे असं होई. मला पुरायचं.

त्यांची दोन लेकरं वाटेवरच गेली. नेव्हही वाटेवरच जन्मला, पण जगला. त्याची पहिली अंघोळ माझ्यातल्या कोमट पाण्याने झाली. पुढे गुरं नेणारे भलेमोठे ट्रक आले आणि पायी कळप नेणारी माणसं घरी बसली. वॉरेगो नदीकाठच्या गावात खांबांवर उभं असलेलं लाकडी घर आर्चने बांधलं. वर विजेची शेगडी आली, मी घराखाली गेले. तिथे कोळी होते, तुटकी खोगिरं होती. आर्च वारला तेव्हाही मी तिथेच होते. पण दर हिवाळ्याच्या तोंडाला एल्मा काठी टेकत जिना उतरायची, मला चिंधीने पुसायची आणि चरबीचा हात द्यायची. शिजवायचं काही नसे, तरी.

नेव्ह गावातच रस्त्यांच्या कामावर लागला. त्याची बायको डेझली, मुलगी केरिन. घर एल्माने आर्चच्या माघारी नेव्हच्या नावावर केलं होतं. केरिन लग्न होऊन दूर समुद्राकाठी गेली, नेव्ह नोकरीतून सुटला, आणि एका दुपारी नवराबायको घराखाली येऊन उभे राहिले. घर विकायचं, कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायची, आणि उरलेलं आयुष्य देशभर हिंडत काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

वाईट नव्हतं त्यात काही. त्या देशात पुष्कळ म्हातारी जोडपी असंच करतात. प्रश्न सामानाचा होता. आणि एल्माचा.

सामानासाठी डेझलीने रंगीत ठिपके आणले. लाल म्हणजे विकायचं, पिवळा म्हणजे केरिनला द्यायचं, निळा म्हणजे सोबत न्यायचं. आठवडाभर ती ठिपके चिकटवत फिरली. जेवणाचं टेबल लाल. आर्चचं खोगीर पिवळं. केरिनने फोनवर सांगितलं की तिच्या घरात खोगीर ठेवायला जागा नाही, मग तेही लाल. शिवणयंत्रावर डेझलीने आधी निळा लावला, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग काढून लाल लावला आणि बाहेर जाऊन नाक शिंकरून आली. तिला नावं ठेवायचं माझ्या मनात नाही.

एल्मा घराखाली आरामखुर्चीत बसून सगळं बघत होती. "डेझली, मला कुठला लावतेस? कपाळावर लाव, लांबून दिसेल."

"काहीतरीच काय, एल्मा!" डेझली हसली, पण तिने नेव्हकडे बघितलं.

नेव्हने आईकडे बघितलं नाही. तो सरळ माझ्याकडे आला, एक निळा ठिपका माझ्या झाकणावर चिकटवला आणि म्हणाला, "ही हंडी तर येणारच. हिच्याशिवाय कसला प्रवास!"

एल्माचा चेहरा उजळला. मित्रांनो, तिचा हिशेब सरळ होता. हंडी जाणार तर हंडीवाली जाणार. डेझलीला निखाऱ्यांवर पाण्याला आधण आणता येत नव्हतं, मग मला नेऊन ते करणार काय होते? एल्मा म्हणाली, "मला फार जागा लागत नाही, नेव्ह. मी गाडीखाली झोपलेय तुझ्या वेळेला पोटुशी असताना."

त्या वेळी नेव्हने एक वाक्य बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "चहा टाकू का, आई?"

दुसऱ्या दिवशी नवराबायको घराखाली माझ्या शेजारी उभे राहून हळू आवाजात भांडले.

"सांग तिला," डेझली म्हणाली. "नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात खोली पक्की झालीय. ती मात्र सगळ्या आळीला सांगत सुटलीय की मीही कॅरॅव्हॅनमधून चालले."

"सांगतो ना. विक्रीचा दिवस होऊ दे."

"मग म्हणशील, गाडी भरून होऊ दे. सात वर्षं तिचे पाय मी धुतेय, नेव्ह. माझी पाठ गेली. ती येऊ शकत नाही, हे मी म्हटलं तर मी कैदाशीण होईन. तू मुलगा आहेस. तू सांग."

"सांगतो म्हटलं ना!"

विक्रीचा दिवस शनिवार होता. अंगणात सगळा संसार मांडला आणि उजाडता उजाडता गाव येऊन उभं राहिलं. एल्मा दारात खुर्ची टाकून बसली. तिच्यासारखं विकणं कुणाला जमलं नसतं. ताटांना चरे आहेत म्हणणाऱ्या बाईला ती म्हणाली, "चरे आहेत कारण त्यांत लोक जेवलेत. तुझ्याकडची कोरी असतील."

मग दोन माणसं एल्माच्या खोलीतला पलंग बघून आली. आर्चने स्वतः बनवलेला पलंग. त्याला कुठलाच ठिपका नव्हता. नेव्ह पुढे झाला, "तो नाही विकायचा," असं म्हणाला. वृद्धाश्रमात आपला पलंग नेता येत होता, म्हणून तो वेगळा ठेवला होता.

"का नाही?" एल्मा खुर्चीतून ओरडली. "कॅरॅव्हॅनमध्ये काय डोक्यावर घेऊ? घेऊन जा रे पोरांनो, मजबूत आहे. आर्च राहिला नाही, तो राहिला."

पलंग सुटा करून नेला. नेव्ह फाटकाशी उभा होता. त्याने त्या माणसांना फळ्या उचलायला हात लावला.

निघायच्या आदल्या दिवशी कॅरॅव्हॅन वजनाला न्यायची होती. अशा गाडीत किती वजन भरायचं याची हद्द असते. ती ओलांडली तर उतारावर गाडी ओढणाऱ्यालाच ढकलते, म्हणून शहाणी माणसं निघायच्या आधी काट्यावर जातात. गावात काटा एकच, गुरांच्या बाजारातला. तिघंही गेले. एल्मा पुढच्या गाडीत मागच्या सीटवर होती, अंगात चांगला कोट, मांडीवर पिशवी, खिडकीची काच खाली. मी कॅरॅव्हॅनच्या पुढच्या पेटीत होते.

काट्यावर बसलेला कॉल्म हा नेव्हचा शाळेतला सोबती. त्याने आकडा बघून शीळ घातली. "नेव्ह, अख्खं गाव भरलंस काय रे? उतरव थोडं."

डेझलीने आपली पुस्तकांची दोन खोकी उतरवली. नेव्हने हत्यारांची पेटी उतरवली. तरी आकडा वरच. मग त्याने पेटी उघडून मला काढलं आणि खाली धुळीत ठेवलं, नेमकं गाडीच्या खिडकीजवळ. पुन्हा वर चढवावं की नाही, तो घुटमळला.

कॉल्म हसत म्हणाला, "आणि आईंना धरलंस का वजनात? नाहीतर पुढच्या गावी त्यांना उतरवावं लागेल."

नेव्ह माझ्याकडे बघत होता. पाठ खिडकीकडे होती. आणि त्याच्या तोंडून गेलं, "आई नाही येत. तिची खोली घेतलीय नदीपलीकडे."

आवारात कुठेतरी एक वासरू ओरडत होतं. डेझलीने तोंडावर हात ठेवला. मला खालून एल्माचा हात दिसत होता, खिडकीच्या कडेवर. तो तिथेच राहिला.

मग ती बोलली. आवाज नेहमीचाच, फक्त लेकाचं नाव पुरतं घेतलं. "नेविल, हंडी खालीच राहू दे. तिचं तिकडे काही काम नाही."

"आई, मी तुला सांगणारच..."

"कॉल्मला सांगितलंस. झालं. आकडा बघ आता बसतोय का."

आकडा बसला.

वृद्धाश्रमात स्वयंपाकाची भांडी चालत नव्हती. झाडं चालत होती. हे कळल्यावर नेव्हला एक गोष्ट सुचली, आणि ती त्याने मायेनेच केली, हे मी शपथेवर सांगेन. रिकाम्या झालेल्या घराखाली त्याने मला पालथं घातलं, यंत्र लावलं आणि माझ्या बुडाला भोकं पाडली. पाणी निघून जायला. मग माती भरली आणि तांबड्या फुलांचं रोप लावलं. त्या प्रांतात हे पुष्कळ जण करतात. अंगणाअंगणांत माझ्या जातीच्या हंड्या फुलं धरून बसलेल्या असतात, आणि येणारेजाणारे छान छान म्हणतात.

एल्माला आदल्या संध्याकाळीच आश्रमात पोचवलं होतं; दुसऱ्या सकाळी तो मला घेऊन तिच्या खोलीत आला. खोलीत लोखंडी पलंग होता, आश्रमाचा. त्याने मला खिडकीत ठेवलं. "बघ आई. तुझी हंडी तुझ्याजवळ."

एल्मा उठून आली. फुलांकडे तिने बघितलंच नाही. माझ्या बुडाखाली बोटं घातली, चाचपलं.

"मला विचारलंस का?"

"तुला बरं वाटेल म्हणून..."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं, केरिनच्या पोरांना दे. त्यांना नको असेल तर कुठल्याही शिजवणाऱ्याला दे. भोक पडलेली हंडी आता कुणाच्या कामाची?"

नेव्ह रडायला लागला. साठी उलटलेला गडी, टोपी हातात घेऊन. तिने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "नीघ, ऊन चढेल. आणि संध्याकाळ झाली की गाडी हाकू नकोस, कांगारू रस्त्यावर येतात. उजेड आहे तोवर थांबायची जागा बघ. डेझलीची पाठ धरली तर गरम वीट फडक्यात गुंडाळून दे."

तो गेला. तिने खिडकीतून हात केला नाही.

त्या रोपाला तिने पाणी घातलं नाही. आश्रमातली परिचारिका घालायला आली की एल्मा तिला हुसकायची. "बिडात पाणी राहिलं की गंज चढतो, बाई. एवढं शिकवत नाहीत का तुम्हाला?" रोप वाळलं. न्याहारीला पावासोबत लोण्याची छोटी वडी यायची. ती वडी तिने कधी खाल्ली नाही. बोटाने माझ्या काठाला लावायची, चोळायची, रोज. आतपर्यंत हात जाईना, माती होती. काठ मात्र तिने राखला.

हिवाळ्यात ती गेली. नेव्ह आणि डेझली तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते पोचेपर्यंत खोलीत दुसरी म्हातारी आली होती आणि मी मागच्या अंगणात, नळाखाली. नेव्हने मला पाहिलं. वाकून खिशातल्या रुमालाने माझी एक बाजू पुसली, रुमाल तांबडा झाला. तो उभा राहिला, गाडीकडे गेला, आणि परत आला नाही.

मित्रांनो, आता माझं बूड खाऊन गेलंय, एक पाय निखळलाय. मला उचला, नीट ठेवा, असं मी म्हणत नाही. माझं झालं. तुमच्याही घरी कधीतरी सामान आवरायचा दिवस येईल. काय ठेवायचं, काय टाकायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. घर विका, हिंडायला जा. पण त्या ठरवण्यात एखादं माणूस असेल, तर त्याच्यासमोर बसा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि सांगा. 'तू येत नाहीस' एवढं ऐकून एल्मा मेली नसती. तिने दुष्काळात गुरं पार केली होती, दोन लेकरं वाटेवर पुरली होती. चार शिव्या दिल्या असत्या, रात्री जेवली नसती, आणि सकाळी उठून आपला पलंग विकायचा नाही म्हणून ठणकावून सांगितलं असतं.

शेवटची झोप तरी तिला आपल्या पलंगावर लागली असती.