हिरव्या चौकोनाखालचं घर

पडद्यावरच्या नकाशातला तो हिरवा चौकोन तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता, आजूबाजूला तसेच शेकडो चौकोन दाटीवाटीनं बसले होते. पण घासात खडा लागावा तशी तिची नजर तिथेच अडली... इथे जंगल नाही. इथे घर आहे. इथे मागच्या दारी दगडावर बसवून आई माझे केस धुवायची, आणि साबण डोळ्यांत गेला की मी सगळी वस्ती गोळा करायची.

उपग्रहाला बिचाऱ्याला वरून नुसते शेंडे दिसले. बाबा गेले, घराला कुलूप लागलं, झाडांना रागावणारं कोणी उरलं नाही – त्यांनी कौलांवर अंग टाकलं आणि संगणकानं घराला जंगल ठरवून टाकलं.

दोन जंगलांमधला जनावरांचा भ्रमणमार्ग आखायचं तिचं काम. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला आकडा द्यायचा – जंगलाला एक, शेताला दहा, घराला शंभर. आकडा जितका मोठा तितकं जनावराला तिथून जाणं अवघड. मग संगणक त्यातली सोपी वाट हुडकतो. ती वाट आज नदी आणि हमरस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून, नेमकी तिच्या घरावरून गेली होती. दुसरीकडून जागाच नव्हती. चौकोनात खरे शंभर भरले की वाट तुटणार, दोन्ही जंगलं एकमेकांना मुकणार. न भरावेत, तर नकाशा मंजुरीला जाणार, मार्गावर कुणाला राहता येणार नाही आणि तिथे पुन्हा चूल पेटायची नाही.

आणि सकाळीच दादाचा फोन.

"जुन्या घराला सुतार ठरवलाय. छप्पर झालं की आईला तिकडे नेतो. तू मोडता घालू नकोस."

"मी कुठे काय म्हणाले?"

"तू गप्प असतेस ना, तेव्हाच भीती वाटते."

आतल्या खोलीत आई नातीला, ठमीला थोपटत होती. लेक निजली तेवढाच तिला कामाला वेळ, आणि ऑफिसातल्या मॅडमना नकाशा संध्याकाळी हवा होता. हात मात्र कीबोर्डवर नुसतेच... बाबांनी घराला तिन्ही बाजूंनी कुंपण घातलं, मागचा कोपरा तेवढा मोकळा सोडला. अंधार पडला की ते मागचा दिवा मालवायचे. अंथरुणात आम्ही दोघं भावंडं श्वास धरून पडायचो – पाचोळा वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा – दादा माझा हात इतका दाबायचा की बोटं दुखायची, आणि मी हळूच विचारायची, "कोण गेलं?" "पाहुणे," बाबा म्हणायचे. "तुमचे पाहुणे माझे भोपळ्याचे वेल तुडवून जातात," अंधारातून आई.

"आई," तिनं उंबऱ्याशी जाऊन हलक्या आवाजात विचारलं, "मागचा कोपरा बाबांनी पुढे कधी बंद केला का गं?"

"ते कसले करतायत. मीच वेल पुढच्या अंगणात नेले." आईचा थोपटणारा हात थांबला नाही. "आणि हे बघ, दादाला सांगून ठेव, मागे दिवा नाही लावायचा. तो हौसेनं चार लावील. ती बिचारी जनावरं कुठून जायची मग?"

ती जागेवर परत येऊन बसली. चौकोनावर टिचकी मारली, आकड्याची चौकट उघडली. घराला शंभर, जंगलाला एक. राहतं घर, पण मागे दिवा नाही, एक कोपरा मोकळा – याला आकडा नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरांना तिनं डोळे झाकून शंभर दिले होते... त्यातल्या किती घरांच्या मागे कोणी दिवा मालवत असेल? मघापासून तिला वाटत होतं, झाडांनी आपलं घर गिळलं. आता वाटलं, पाहुणे वाट बघून बघून शेवटी आत येऊन बसले असतील, आईच्या चुलीपाशी, अंग चोरून.

मोकळ्या चौकटीत कर्सरची उभी रेघ लुकलुकत राहिली.

मागे फरशीवर अनवाणी पावलं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. ठमी उठली होती. तिनं मागे वळून पाहायला हवं होतं, पण ती वळली नाही – श्वास धरून, हात मांडीवर घेऊन, तशीच ऐकत बसली.

"कोण गेलं?" तिनं हळूच विचारलं.