मनकर्णेची तुळस

मेथीच्या जुड्या बांधता बांधता सुमित्राबाईंचे हात थांबले. समोर नात हर्षा कागद वाचत होती. आंजीच्या शाळेत शिकवणाऱ्या हर्षाने आजीच्या सत्कारासाठी भाषण लिहिले होते, आणि त्याची सुरुवात दूरच्या हॉलंडपासून केली होती. जर्मन फौजांनी तो देश व्यापला तेव्हा तिथल्या साध्यासुध्या शेतकऱ्यांनी ज्यूंची लेकरे घरात घेतली, त्यांना नवी नावे दिली, भाचा-पुतणी म्हणून शेजाऱ्यांपुढे उभे केले.

"तू बी तेच केलं ना, आजी."

"मंग लढाई सरल्यावर त्याइनं लेकरं वापस देली का?"

"बहुतेकाइनं देली. काहीइनं नाई. लेकराइचा धर्म बदलला, कोर्टात भांडले." हर्षा हसली. "तुह्यासारखे दिलदार सारेच कुठून असन?"

पन्नास वर्षांपूर्वी शहरात दंगल पेटली, त्या दिवशी सुमित्राबाईंचा नवरा तानबा बाजारातून परतला तो रिकाम्या पोत्यांखाली पाच वर्षांची मेहरून झाकून. तिच्या बापाने पोर त्याच्या बैलगाडीत टाकली आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. त्याच वर्षी त्यांची तेवढीच लेक मनकर्णा तापाने गेली होती. तिचा परकर मेहरूनला नेमका बसला. मग नावही बसले.

"जीव वाचवासाठी," हर्षा पुढे वाचू लागली, "पोरीच्या मनगटावर तुळस गोंदवली."

हे वाक्य सुमित्राबाईंच्या कानात सुईसारखे रुतले. गोंदण झाले ते विसाव्या दिवशी. त्या सकाळी तानबाने बातमी आणली होती, "तिचा बाप जिता हाय. उद्या येऊन राह्यला." तो वाडीत गेल्यावर सुमित्राबाईंनी गोंदणारणीला आत घेतले आणि कडी लावली. मनकर्णेच्या मनगटावर होती तशीच तुळस. मेहरूनच्या लोकांत गोंदण वर्ज्य, हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच. अशी डागलेली पोर बाप नेणार नाही, एवढीच आंधळी आशा. दुसऱ्या दिवशी बापाने सुजलेल्या हातासकट पोर उचलली आणि तानबाच्या पायांवर डोके ठेवले.

रविवारी सत्काराला मेहरून आली. केस पिकलेले, बाह्या मनगटापर्यंत. शाळेच्या व्हरांड्यात दोघीच होत्या.

"माय, लय वाळले तुमी."

"तू काऊन आली नाई वो इतके वर्स?"

मेहरूनने बाही खाली ओढली. सुमित्राबाईंनी मग धीर एकवटला. "ते गोंदण लपवासाठी नव्हतं, बाई. तुले कोनी नेऊ नये म्हनून होतं."

"मले मालूम हाय." आवाज चढला नाही. "त्या दिवशी बाहेर गलबला नव्हता. तुमी मले मांडीत दाबून धरलं होतं अन् मनकर्णा, मनकर्णा करत होते. अब्बाले म्या सांगितलं का दंगलवाले दारात उभे होते, तवा गोंदलं. अब्बा मरेपर्यंत तुमाले दुवा देत राह्यले."

"अन् तू?"

मेहरूनने बाहीचे बटण चाचपले. आतून हर्षाची हाक आली.

सभेत हर्षाने गोंदणाचे ते वाक्य वाचले. टाळ्या पडल्या. पुढे बसलेला फोटोवाला उठला. "ताई, जरा बाही वर करा न. आजीले हात धरू द्या."

मेहरूनने सुमित्राबाईंकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता, क्षमाही नव्हती. उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी ती खोल आणि कोरडी होती. मग ती बटण काढू लागली.

"राहू दे," सुमित्राबाई म्हणाल्या. खांद्यावरची शाल त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि माइक ओढला. "हे म्या वाचवासाठी नाई केलं. पोरगी चोरून घ्याले पाह्यली म्या. बाप येनार हाय हे मालूम असून."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "पाहा, मोठेपना घेत नाई म्हातारी!" आणि टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात उसळल्या.

हर्षा मात्र टाळी वाजवत नव्हती. हातातला कागद तिने खाली घेतला होता.

सुमित्राबाईंनी मेहरूनच्या मनगटावर हात ठेवला. मेहरूनने तो झटकला नाही, धरलाही नाही. टाळ्या थांबेपर्यंत तो तसाच पडून राहिला.