नेगेलेबाईंचं तोरण

आमच्या जिन्यात माणूस मेला तरी चालेल, पण त्याने आपला आठवडा झाडून मग मरावं, अशी रापबाईंची अपेक्षा असते. आम्हा श्वाबियातल्या, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या, लोकांना देवाने दर इमारतीमागे एक रापबाई दिलेली आहे. आमच्या रापबाई पहिल्या मजल्यावर राहतात. नियम साधा आहे. ज्याच्या दारावर झाडलोटीची लाकडी पाटी, त्याने तो आठवडा जिना झाडायचा, पुसायचा आणि शनिवारी पाटी पुढच्या दारावर टांगायची. पाटी आली नाही तर आठवडाही आला नाही.

माझ्यासमोरच्या घरातले आल्फोन्स नेगेले वसंतात गेले. जिना तेच झाडायचे. ते गेल्यावर नेगेलेबाईंच्या गुडघ्यांनी एक-दोन आठवडे चुकवले आणि रापबाईंनी ते डोळ्यांत तेल घालून टिपले. मुलगा रुडिगर याचीच वाट बघत होता. आईसाठी त्याने वृद्धाश्रमात खोलीही पाहून ठेवली होती, खिडकीतून छान पार्किंग दिसणारी. आईला घर झेपत नाही हे सांगायला त्याला फक्त एक साक्षीदार हवा होता. त्या पुन्हा चुकल्या की फोन करते, असं रापबाईंनी त्याला कबूल केलं होतं. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

पानं तांबडी झाली तशी नेगेलेबाईंनी दारासाठी दरवर्षीसारखं गोल तोरण करायला घेतलं. इतकी वर्षं डहाळ्या आल्फोन्स आणायचे. या वेळी त्या एकट्या बसने जंगलाच्या कडेपर्यंत गेल्या आणि पिशव्या भरून परतल्या: बीचच्या झाडाची तांबूस पानं, हॉप्सचे वेल, रानगुलाबाची लाल फळं. मला तार धरायला बोलावलं. पेंढ्याच्या चुंबळीवर जुडी ठेवायची, तार आवळायची, पुढच्या जुडीने मागचे देठ झाकायचे. मी हौसेने एक जुडी बांधली, ती त्यांनी लगेच सोडवली.

"आल्फोन्सलाही जमायचं नाही," त्या म्हणाल्या, "पण तो निदान केक खात गप्प बसायचा."

त्या शनिवारी माझा आठवडा संपला आणि मी पाटी नेगेलेबाईंच्या दारावरच्या खिळ्याला टांगली. थोड्या वेळाने त्या तोरण दोन्ही हातांत धरून बाहेर आल्या आणि, नजर अधू असल्यामुळे, त्याच खिळ्याला पाटीवरूनच अडकवून मोकळ्या झाल्या. पाटी पार दिसेनाशी झाली. मी सांगायला तोंड उघडलं, मग मला ती पार्किंगवाली खोली आठवली आणि मी ते मिटलं.

सोमवारपासून जिन्यात बीचची पानं गळू लागली आणि रापबाई पाटी शोधत दारोदार फिरू लागल्या. मी म्हटलं, मी तर पुढे दिली. ते खरं होतं. नेगेलेबाई म्हणाल्या, माझ्याकडे आलीच नाही. त्यांच्या परीने तेही खरं होतं. आता पाटी नाही म्हणजे आठवडा कुणाचाच नाही, आणि जो कुणाचाच नाही तो चुकवला म्हणून फोन कुणाबद्दल करणार? बिचाऱ्या स्वतःच्याच नियमात अडकल्या. बाकी सगळे पानं ओलांडून जात होते, कारण झाडू उचलला की आठवडा अंगावर आलाच. पाचोळा बघून रापबाईंना अन्न गोड लागेना. शेवटी त्या पहाटे चोरपावलांनी स्वतःच झाडायला लागल्या. मी दाराच्या भिंगातून रोज बघायचे. टीव्हीवर इतकं चांगलं काही नसतं.

असे काही आठवडे गेले आणि एका रविवारी रुडिगर आला. त्या खोलीत आईचं कोणतं कपाट मावेल ते बघायला टेपही घेऊन आला होता. रापबाई नेमक्या तेव्हाच एक गळलेलं पान हातात धरून वर तक्रारीला आल्या होत्या. आवाज ऐकून मीही माझ्या दारात आले. आईला झाडणं झेपतं का, असं त्याने त्यांना विचारलं आणि विचारता विचारता दार आत ढकललं. तोरण हेलकावलं, एका बाजूला सरकलं आणि मागून पाटी डोकावली.

"म्हणजे आठवडा आईचा आहे," रुडिगर म्हणाला. "मग हा जिना झाडतंय कोण?"

आतून आलेल्या नेगेलेबाईंनी चौकट घट्ट धरली. मला वाटलं, संपलं, आणि माझ्याच मुकाट्याने बसण्यामुळे संपलं. रापबाई पाटीकडे बघत राहिल्या. आपल्या सगळ्या पहाटा कुणासाठी गेल्या ते त्यांना कळलं असणार, कारण मान हळूहळू लाल होत गेली. आपण आयुष्यात कधी खोटं बोललो नाही, हे त्या येताजाता सगळ्यांना ऐकवत असतात.

"जिना झाडलेला आहे," त्या म्हणाल्या.

"हो, पण कोणी?"

"झाडलेला आहे ना? मग झालं."

त्यांनी तोरणाला धक्का न लावता पाटी काढून घेतली, तोरण सरळ केलं आणि पाटी काखेत धरून खाली निघाल्या. वळणावर थांबल्या.

"नेगेलेबाई, पुढच्या वर्षी बीच नको. फार गळतो."

"पुढच्या वर्षी ओकची पानं लावते," नेगेलेबाई म्हणाल्या.

रुडिगरने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि टेप खिशात ठेवली.