आट्यांतलं डांबर

पहिल्या फेरीत हिल्क्काच्या चारपैकी दोन गोळ्या वर्तुळाबाहेर गेल्या. एक वर, एक उजवीकडे. आपला हात हलला नव्हता, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

मूस या थोराड हरणाच्या शिकारीआधीची ही नेमबाजीची परीक्षा. चारही गोळ्या आत पडल्या पाहिजेत. आता संध्याकाळची शेवटची फेरी उरली होती. शिकारीत दबा धरून उभं राहायची दलदलीच्या कडेची जागा ओस्मोने, म्हणजे तिच्या बाबांनी, जन्मभर सांभाळली होती. आता ओस्मोचा खुबा साथ देत नव्हता. हिल्क्का पास झाली नाही तर ती जागा आपल्या जावयाला देणार, असं शिकारी टोळीच्या म्होरक्याने, रैमोने, सकाळीच सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

गाडीच्या मागच्या फळीवर तिने रायफल आडवी ठेवली. तिच्यावर बसवलेली दुर्बीण धरून हलकेच ढकलली. दुर्बीण धरणाऱ्या कड्या घट्ट होत्या, पण कड्यांखालची लोखंडी बैठक केसभर सरकली.

बैठकीचे स्क्रू तिने सकाळी स्वतः आवळले होते, तेही ठरावीक जोर लागला की टक् करणाऱ्या पेचकसाने. टक् झालं होतं. पण आता तिला आठवलं, शेवटी स्क्रू थाडकन थांबला नव्हता. चिखलात पाय रुतावा तसा हळूहळू अडत गेला होता. आवाज झाला म्हणून तिने हाताचं ऐकलं नाही.

"तुझं ते टकटक ठेव बाजूला," म्हणत ओस्मोने खिशातून आपला पेचकस काढला. "याने आवळ. मनगटाला कळतं."

तिने तो खाचेत टेकवून पाहिला. टोक पाचरीसारखं निमुळतं होतं, खाचेच्या तोंडाशीच अडकून डुगडुगत होतं. जोर लावला असता तर निसटून खाच फाटली असती, आणि मग त्या स्क्रूने कुठल्याच हत्याराला जुमानलं नसतं.

"हा दाराच्या बिजागरीचा आहे, बाबा."

"त्या बिजागऱ्या अजून शाबूत आहेत," तो पुटपुटला.

तिने आपल्या डबीतली पेचकसाची टोकं एकेक करून लावून पाहिली. एक अरुंद, एक जाड. तिसरं खाचेच्या तळापर्यंत गेलं आणि दोन्ही बाजूंना टेकून बसलं. दुर्बीण उतरवून तिने स्क्रू काढून चिंधीवर ठेवले. आट्यांत काळं, चिकट काहीतरी भरलं होतं. वास घ्यायचीही गरज नव्हती. पाइनच्या लाकडाचं डांबर. बाबा ते होडीला लावायचे, बुटांना लावायचे, कुत्र्याच्या पंजालाही लावायचे.

म्हणजे टक् झालं ते अर्धवट वाळलेल्या डांबराच्या अडण्याने. बैठक दाबली गेलीच नव्हती.

ओस्मो चिंधीवरच्या काळ्या डागाकडे पाहत राहिला. "गंजू नये म्हणून लावलं होतं," तो म्हणाला.

"गंजला नाहीये," ती म्हणाली आणि कॉफीच्या शेगडीतलं स्पिरिट चिंधीवर ओतलं.

स्क्रू, भोकं, बैठकीची खालची बाजू, सगळं तिने कोरडं होईपर्यंत पुसलं. तिकडून रैमोने तिचं नाव पुकारलं. तिने मान वर केली नाही. स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. या वेळी प्रत्येक स्क्रू आधी ठाम थांबला, आणि मग पेचकस वाजला.

दुर्बीण चढवली, पण निशाणा किती सरकला ते कुणाला ठाऊक? रैमोने चाचणीला एकच गोळी दिली. ती डावीकडे लागली, वर्तुळाच्या आत, पण कडेला.

"फिरव ना ते बटण," ओस्मो कुजबुजला.

तिची बोटं दुर्बिणीवरच्या, निशाणा सरकवायच्या बटणापर्यंत गेली. बैठक पक्की असेल तर बाकीच्याही तिथेच पडतील. नसेल, तर बटण फिरवून काही उपयोग नाही. एका गोळीवरून याहून जास्त काही ठरवता येत नव्हतं. तिने हात मागे घेतला.

चारही गोळ्या तिने सावकाश झाडल्या.

रैमो लक्ष्याजवळ जाऊन बराच वेळ वाकून पाहत राहिला. "सगळ्या डाव्या कडेला," तो ओरडला. "एकाच तळहाताखाली झाकल्या जातील."

"आत आहेत ना?" तिने विचारलं.

"आहेत." तो चालत परत आला. मग तो म्हणाला, "जावयाला रस्त्याच्या बाजूला उभा करतो."

ओस्मोने आपली काठी उचलली.

"दलदलीवरून वारा थेट पाठीवर येतो," तो मुलीला म्हणाला. "आतून लोकरीचं घाल."