घेणाऱ्याचा दशांश

शनिवारी दुपारी ठकुबाई पैशांचं पाकीट घेऊन एलिजर झिराडकरच्या दारात उभी राहिली, आता काय म्हणावं! तळेगावात वीस वर्षांचा शेजार, पण झिराडकर ज्यू आहेत आणि शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, पैशाला हात लावत नाहीत, एवढं काही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"आळीतल्या समद्यांनी मिळून गोळा केल्यात. पाच हजार हायती. न्हाई म्हनू नका," ती म्हणाली. एलिजरचा हात काही पुढे होईना, तेव्हा तिनंच पाकीट फळीवर ठेवलं आणि निघून गेली.

एलिजरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाकणची कंपनी बंद पडून तीन महिने झाले होते. त्याआधी सव्वीस वर्षं, पगार असो की ओव्हरटाइम, दहातला एक भाग त्यानं गरजवंतासाठी आधी बाजूला काढला होता. बापानं घालून दिलेला नेम तो. त्या घरात आता लोकांनी वर्गणी काढून दिलेले पैसे! "तारे दिसले, शब्बाथ संपला, की परत करून येतो," असं बायकोला, सिपोराला, सांगून तो पलंगावर आडवा झाला.

पडदा हलत होता. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सावकाश सरकत होता. डोळा लागला आणि तो कंपनीत पोचला. तिथं मशिनं आवाज न करता चालत होती, सुटे भाग तरंगत यावेत तसे येत होते आणि दर दहावा भाग तो शेजारच्या पेटीत ठेवत होता. मग भाग यायचे थांबले. तरी त्याचा हात आपला पेटीकडे जातच राहिला, रिकामा. त्याला इतकं रडू आलं, की जाग आली.

सिपोरा खिडकीशी उभी होती. धुरकट आभाळात तिचे तीन तारे मोजून झाले होते. दोघांनी रीतीप्रमाणे सब्जाच्या पानांचा वास घेऊन शब्बाथला निरोप दिला. मग एलिजरनं पाकीट उचललं.

"यातले पाचशे आधी बाजूला काढा," सिपोरा म्हणाली.

"अगं, हे दान आहे. आपण घेणारे."

"मग? दान घेऊन जगतो त्यानंही त्यातलं द्यायचं, असा कायदाच आहे आपला. तुमच्या बाबांनी शिकवलं नाही होय?"

शिकवलं होतं की! पण ते दुसऱ्या कुणासाठी आहे, असंच हा शहाणा आजवर समजत आला होता.

गल्लीच्या टोकाला भिमाजी राहायचा. त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये कंत्राटावर होता, त्याला तर भरपाईचा रुपयाही मिळाला नव्हता. पाचशेची नोट बघून तो मागं सरकला.

"नको एलिजरभाऊ. तुमचंच काही खरं नाही. मला लाज वाटते राव."

"मलाही वाटली," एलिजर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "घे बाबा. तू हे घेतलंस, तरच मला ठकुबाईचं ठेवता येईल."

भिमाजीनं नोट घेतली आणि त्याला आत बसायला सांगितलं.